बी. रघुनाथ आणि कथेचा उंबरठा

आपल्यातली नव्याने कथा लिहू लागलेली मुले-मुली एक प्रश्न हमखास विचारतात. आमच्या मोहल्ल्यातली गोष्ट बाकीचा मराठी वाचक वाचेल का? आमचे शब्द त्याला कळतील का? या प्रश्नाचे एक उत्तर परभणीच्या वाङ्मयीन इतिहासात सापडते.

भगवान रघुनाथ कुलकर्णी म्हणजेच बी. रघुनाथ यांचा जन्म १९१३ साली तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील सातोना येथे झाला. शिक्षण हैदराबादेत झाले, पोटासाठी बांधकाम खात्यात नोकरी केली आणि १९५३ मध्ये परभणीत त्यांनी डोळे मिटले. अवघ्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहिल्या.

त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग निजामाच्या राज्यात गेला. सरकारी कारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी बोलणाऱ्या रयतेला हे ओझे जाचत होते, ही गोष्ट आपण नाकारू नये. पण कचेरीतली उर्दू वेगळी आणि बाजारात, शेजारात रुळलेली उर्दू वेगळी. ही दुसरी उर्दू लोकांनी आपली केली होती.

बी. रघुनाथांच्या पुस्तकांची नावेच पाहा. १९४० च्या कथासंग्रहाचे नाव 'साकी'. १९४८ मध्ये, म्हणजे रझाकारांचा अत्याचार आणि पोलीस कारवाई यांनी मराठवाडा होरपळला त्याच वर्षी, 'फकिराची कांबळी' आले. 'फकीर' अरबीतून आलेला, 'कांबळी' घरातल्या वळचणीची. दोन्ही शब्द शेजारी बसले आणि कुणाला अर्थ सांगावा लागला नाही.

वाचकाला कथेत ओढून घेण्याचा पहिला धडा इथे आहे. लेखक आपल्या माणसांच्या बोलीवर विश्वास ठेवतो, तेव्हा वाचकही ठेवतो. प्रत्येक शब्दाला कंसात अर्थ देत बसणारा लेखक मात्र वाचकाला पाहुण्यासारखा ओसरीवरच बसवतो.

दुसरा धडा उत्सुकतेचा आहे. त्यांच्या एका कादंबरीचे नाव नुसते 'ओ'. कुणीतरी हाक मारली असणार, पण कुणी? दुसरीचे नाव 'म्हणे लढाई संपली'. यातला 'म्हणे' काढून टाकला तर उरते फक्त बातमी. त्या एका शब्दाने शंका जागी होते. खरेच संपली का? कुणासाठी संपली? वाचक आत येतो तो या प्रश्नाचा हात धरून. आपल्या घरातल्या बुजुर्गांचे किस्सेही असेच सुरू होत. आधी ऐकणाऱ्याच्या मनात सवाल पेरायचा, जवाब नंतर.

म्हणून नव्या लिहिणाऱ्यांनी आपला मोहल्ला, आपली दस्तरखान, आपली बोली यांची माफी मागत लिहू नये. उंबरठ्यावर एक खरा प्रश्न ठेवावा आणि दार उघडे ठेवावे. वाचक आपल्या पायांनी आत येईल.