निबंध गेला, माणूस राहिला

सुरतेत दर वर्षी दोनदा नवे वर्ष येते. दिवाळी झाली की कार्तिक शुद्ध प्रतिपदेला शेजारपाजारचे लोक ‘साल मुबारक’ म्हणत आपल्या दारात येतात. चैत्रात आपण गुढी उभारतो, तेव्हा कडुनिंबाचा पाला त्यांच्याही हातावर ठेवतो. त्यांचा विक्रम संवत, आपला शालिवाहन शक. महिने मात्र दोघांचेही अमावास्येलाच संपतात, म्हणून तिथी जुळते आणि भांडण होत नाही. वर्ष नेमके कुठून सुरू करायचे, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या दोन पंचांगांत राहणाऱ्या आपल्या घरांना नवा नाही. हाच प्रश्न १८९२ साली एका मराठी माणसाने लंडनच्या विद्वत्परिषदेपुढे मांडला. तो माणूस लंडनला गेला नाही. निबंध गेला.

आता आपल्यातलेही कोणी ज्योतिष परिषदांत बोलायला सिंगापूरला, लंडनला जातात. तिकीट, व्हिसा, पाच-सहा दिवस, की परत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जाणे किती अवघड होते आणि आपल्या ज्योतिषाचे तिकडे नेमके काय ऐकले गेले, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली अडचण समुद्राची. मार्च १७७५ च्या तहामुळे ज्याचे नाव आपल्या शहराला कायमचे चिकटले, त्या राघोबादादाने पुढे इंग्लंडला वकील पाठवले. त्यांत हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि मनियार नावाचा पारशी होता. एडमंड बर्कने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले, आणि १७८१ साली पार्लमेंटच्या समितीपुढे हणमंतरावाने हिंदूंच्या आचारांविषयी साक्ष दिली. विलायतेत जाऊन, प्रश्नांना उत्तरे देत आपल्या समाजाविषयी बोललेला हा बहुधा पहिला मराठी माणूस. आणि परतल्यावर? विल्फर्डने ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये नोंदवले आहे की या वकिलांना बहिष्कृत मानले गेले, अनेक सभा बसल्या, आणि शेवटी सोन्याच्या योनिप्रतिमेतून बाहेर काढून त्यांना पुन्हा जन्म दिल्याचे मानून शुद्ध करून घेतले. ऐंशी वर्षांनी, १८६० मध्ये, सुरतेचे नागर महीपतराम रूपराम शिक्षणपद्धती पाहायला इंग्लंडला गेले, तेव्हा जातीने त्यांनाही बाहेर टाकले. आगबोटी आल्या तरी शास्त्रार्थ तोच होता.

पुण्यात तर समुद्र ओलांडायचीही गरज नव्हती. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, त्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्या मंडळींत टिळक होते, आणि त्यांनाही प्रायश्चित्ताची बाब निस्तरावी लागली. एका पेल्यावरून अशी धुळवड चालू असतानाच ते मृगशीर्षावरचा निबंध लिहीत होते.

सुरतेला टिळक आठवतात ते डिसेंबर १९०७ च्या काँग्रेसमुळे, तापीकाठच्या मांडवात उडालेल्या त्या मराठी जोड्यामुळे. त्याआधी पंधरा वर्षे ते आकाशाकडे पाहत होते, हे आपण विसरतो. डेक्कन कॉलेजात ते केरूनाना छत्र्यांचे विद्यार्थी. छत्र्यांनी शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून, दृक्प्रत्ययाला जुळणारे पंचांग सुरू केले होते. पंचांगात लिहिलेला ग्रह आकाशात त्याच जागी दिसला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. तोच शिष्यात उतरला.

टिळकांचे सूत्र गीतेतून निघाले. विभूती सांगताना भगवान महिन्यांमध्ये स्वतःला मार्गशीर्ष म्हणवतात. मार्गशीर्षच का? त्या महिन्याचे जुने नाव आग्रहायण. अग्र म्हणजे आरंभ, हायन म्हणजे वर्ष. मग कधीकाळी वर्षाचा आरंभ मृगशीर्षाशी जोडलेला असला पाहिजे. इथे गणित येते. वसंतसंपात, म्हणजे सूर्य ज्या बिंदूवर असताना वसंतात दिवस-रात्र समान होतात तो बिंदू, नक्षत्रांतून हळूहळू मागे सरकतो. एक अंश सरकायला सुमारे ७२ वर्षे, एक नक्षत्र ओलांडायला सुमारे ९६० वर्षे. आज तो उत्तराभाद्रपदेत आहे. तिथून रेवती, अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी अशी पावले उलटी मोजत मृगाशी पोहोचायला सुमारे सहा हजार वर्षे मागे जावे लागते. म्हणून ऋग्वेदातल्या काही सूक्तांचा काळ इसवी सनापूर्वी ४००० च्या आसपास, असे टिळकांचे अनुमान. माक्स म्युल्लरने ठरवलेल्या काळापेक्षा हे फारच मागे होते, आणि लंडनच्या नवव्या प्राच्यविद्या परिषदेचे अध्यक्ष माक्स म्युल्लरच होते.

संपूर्ण निबंध परिषदेच्या अहवालात मावणारा नव्हता; तिथे सारांशच गेला. ‘ओरायन’ हे पुस्तक १८९३ मध्ये निघाले. त्याच वर्षी जर्मनीत बॉन येथे हेर्मान याकोबी वेगळ्या वाटेने, टिळकांचे काहीही न वाचता, जवळजवळ त्याच निष्कर्षावर आले. ब्युलरने दोघांची बाजू मांडली. अमेरिकेत व्हिटनीने दोघांनाही झोडपले: शब्दांच्या व्युत्पत्तीवर एवढी मोठी इमारत उभी राहत नाही, असा त्याचा रोख. मला व्हिटनीची शंका आजही रास्त वाटते. पण झोडपण्याआधी त्याने ते तपासले. आकडे मांडलेले होते, गृहीतके उघडी होती, कुणीही बसून पडताळावीत. एवढे केल्यावर लेखक हजर असला काय आणि नसला काय.

या निबंधाची एक परतफेड पुढे झाली. १८९७ मध्ये राजद्रोहाबद्दल टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेच्या अर्जावर माक्स म्युल्लरची सही होती. त्याने आपली ऋग्वेदाची आवृत्तीही तुरुंगात पाठवली. सप्टेंबर १८९८ मध्ये टिळक मुदतीआधी सुटले. ज्याच्या कालगणनेला धक्का दिला त्यानेच रदबदली करावी, हे त्या पिढीच्या मोठेपणाचे लक्षण.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांची गोष्ट याहून शांत. दापोलीजवळच्या मुरुडचे, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातले शिक्षक. कृत्तिका पूर्वदिशेपासून ढळत नाहीत, या शतपथ ब्राह्मणातल्या उल्लेखावरून त्यांनी त्या ग्रंथाचा काळ काढला आणि १८९५ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त छापला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह केलेले भारतीय पंचांगावरचे पुस्तक लंडनला छापले गेले, आणि त्याच साली मराठीत ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ आले. दोनच वर्षांनी, पंचेचाळिशीत, ते गेले. शिलालेखांच्या तारखा जुळवणारे परदेशी अभ्यासक त्यांची कोष्टके हाताशी ठेवत.

आता कुणी म्हणेल, हे सगळे गणित. परदेशातल्या ज्योतिष परिषदेत बोलायचे असते ते फलज्योतिषावर. खरे आहे. आपल्याकडे ‘ज्योतिष’ या एका शब्दात गणित, संहिता आणि होरा असे तीन स्कंध नांदतात, आणि गणिताच्या पुण्याईवर होरा दक्षिणा घेतो. ‘दाखवा’ असे म्हणण्याची रीतही काही विलायतेहून आलेली नाही. ती सुरतेचीच आहे. जून १८४४ मध्ये इथे मानवधर्म सभा स्थापन झाली, दुर्गाराम मेहताजींच्या पुढाकाराने. बरोबर होते इथल्या इंग्रजी शाळेत नोकरीला असलेले आपले दादोबा पांडुरंग तर्खडकर, मराठीचे व्याकरणकार. मंत्रतंत्राने चमत्कार करतो म्हणणाऱ्यांना सभेने जाहीर आव्हान दिले: सर्वांसमोर करून दाखवा. मराठी आणि गुजराती डोकी एकत्र येऊन असे काही या गावात झाले, याचा आपल्या घरांतून फारसा उच्चार होत नाही. व्हायला हवा.

तेच आव्हान २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट संख्याशास्त्र लावून पुढे नेले. १०० हुशार विद्यार्थी आणि १०० मतिमंद मुले, अशा २०० पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देऊन विचारले, यातली कोणती कुणाची? २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास होते. नाणे उडवून ५० च्या आसपास येते. उत्तरे पाठवणाऱ्या त्या २७ जणांचा मला आदर वाटतो. अनेकांनी तेवढेही केले नाही.

आणि तपासता येईल असे भाकीत करणारा मराठी ज्योतिषी झालाच नाही, असे नाही. व्यंकटेश बापूजी केतकर, जन्म १८५४, नरगुंदचे. शाळामास्तर, पुढे वास्तव्य विजापूरला. ‘ज्योतिर्गणित’ आणि ‘केतकी ग्रहगणित’ हे त्यांचे ग्रंथ. ते चित्रापक्षाचे, टिळक रैवतपक्षाचे. दोन्ही पक्षांच्या आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचा फरक, आणि त्यापायी आजही टिळक पंचांगाचा अधिकमास कधीकधी वेगळा पडतो. एकाच कुटुंबात गणपती दोन निरनिराळ्या महिन्यांत बसतात. या वादावर परिषदा झाल्या. वाद मिटला नाही.

पण केतकरांचे सर्वांत धाडसी काम पंचांगाबाहेरचे. १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल मंडळाच्या पत्रिकेत त्यांचा लेख छापून आला: नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत. त्यांना नावे दिली ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या सुमारे ३९ पट, प्रदक्षिणाकाळ सुमारे २४२ वर्षे. फेब्रुवारी १९३० मध्ये अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत प्लूटो सापडला. अंतर सुमारे साडेएकोणचाळीस पट, काळ २४८ वर्षे. आकडे चकित करतात, तरी हुरळून जाऊ नये. प्लूटो इतका लहान निघाला की त्याचा ओढा नेपच्यूनवर जाणवणे कठीण. तेव्हा जुळणीत योगायोगाचा वाटा मोठा. विष्णू तर कुणालाच सापडला नाही.

शोधाची बातमी मार्चमध्ये जगभर पसरली तेव्हा केतकरांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते वारले. नव्या ग्रहाला ब्रह्मा हे नाव काही मिळाले नाही. ऑक्सफर्डमधल्या एका अकरा वर्षांच्या मुलीने सकाळी न्याहारी करताना सुचवलेले नाव वेधशाळेने ठेवले.