शंकरपट : परवानगीचा की विनापरवानगीचा?

धानाची कापणी-मळणी आटोपून गावोगावच्या मंडया सुरू झाल्या, की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात शंकरपटाचे दिवस येतात. वैनगंगेच्या अलीकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल आणि पलीकडे देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा, चामोर्शी या तालुक्यांत दिवसा बैलजोड्यांची शर्यत आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक, असा हा जुना बेत आहे. पट भरविणारे व्यावसायिक नाहीत आणि जोडी धावविणारेही नाहीत. दोघेही शेतकरीच. हौसेचा हा खेळ वर्षानुवर्षे गावकीच्या शब्दावर चालत आला. गेल्या काही वर्षांत मात्र जोडीमालकापुढे त्याच्या वडिलांना कधी न पडलेला प्रश्न उभा राहिला आहे : जोडी न्यायची ती जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी असलेल्या पटाला, की गावाने परस्पर ठरविलेल्या पटाला?

पश्चिम महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीहून शंकरपट थोडा निराळा. घाटावरच्या शर्यतीत चढाव असतो, अनेक ठिकाणी गाड्यापुढे घोडीही धावते. विदर्भातील पटात हलक्या छकडीला दोन बैल जुंपलेले, वर एक धुरकरी आणि पुढे सपाट, सरळ धावपट्टी. कोठे दोन जोड्या शेजारी-शेजारी सोडल्या जातात, तर कोठे एकेक जोडी सोडून घड्याळावर वेळ मोजली जाते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर आणि भंडारा जिल्ह्यातील लाखनी ही पटाची नावाजलेली गावे. चंद्रपूर-गडचिरोलीतील पट त्यामानाने लहान, एखाद-दुसऱ्या दिवसाचे आणि पंचक्रोशीपुरते. परवानगीचा प्रश्न सर्वाधिक जाचतो तो याच लहान पटांना.

बंदी ते परवानगी

केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने ११ जुलै २०११ रोजी अधिसूचना काढून प्रदर्शन व खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. वाघ, सिंह, अस्वल यांच्या पंक्तीला शेतकऱ्याचा बैल जाऊन बसला. त्यानंतर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यतींवरही बंदी घातली. केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये सवलत देऊ केली, परंतु न्यायालयाने काही दिवसांतच तिला स्थगिती दिली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. मात्र मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींची वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

या निकालाचा 'पट सुरू झाले' एवढाच अर्थ गावोगावी घेतला गेला. प्रत्यक्षात सुरू झाला तो केवळ अटी पाळून भरविलेला पट. अटींचे काटेकोर पालन होते की नाही, याची जबाबदारी घटनापीठाने जिल्हा दंडाधिकारी व सक्षम अधिकाऱ्यांवर टाकली आहे. विनापरवाना पटाला २०१४ नंतर जे कायदेशीर स्थान नव्हते, ते आजही नाही.

अटी कोणत्या?

आयोजकाने जिल्हाधिकाऱ्यांकडे आगाऊ अर्ज करावयाचा, ५० हजार रुपयांची हमी द्यावयाची, धावपट्टी १ हजार मीटरहून लांब ठेवावयाची नाही, धावणारा प्रत्येक बैल तंदुरुस्त असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र घ्यावयाचे, मैदानावर पशुवैद्यक व जनावरांच्या रुग्णवाहिकेची सोय करावयाची आणि शर्यतीचे चित्रीकरण करून ते प्रशासनाला सादर करावयाचे, असे या नियमांचे स्थूल स्वरूप आहे. काठी, चाबूक, टोकदार खिळा, विजेचा धक्का, उत्तेजक द्रव्य या साऱ्यांना मनाई आहे. अटी मोडून बैलाला इजा वा यातना झाल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास अशी राज्याच्या दुरुस्तीत तरतूद आहे. मूळ १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये होता, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो.

अंतराची अट या भागात अडत नाही. येथील धाव आखूड असते, काही सेकंदांत निकाल लागतो. अडते ती तुतारी. वैदर्भीय बोलीत तुतारी म्हणजे वाद्य नव्हे, तर टोकाला खिळा बसविलेली बैल हाकण्याची काठी. ती हातात नसेल तर जोडी सुटणार कशी, असा जुन्या धुरकऱ्यांचा सवाल असतो. त्याला उत्तर आहे. हाकेवर धावणारी जोडी तयार करता येते, पण त्याला महिनोन् महिने सराव लागतो. सराव नसलेली जोडी मग विनापरवानगीच्या पटाकडे वळते, कारण तेथे काठीला कोणी विचारत नाही. बैलाच्या पाठीवरचे वळ बहुधा अशाच मैदानावरून घरी येतात.

दुसरी अडचण जागेची. पटाला मोकळी, सपाट जमीन लागते आणि या दोन जिल्ह्यांत गावालगतची मोकळी जमीन बहुधा सरकारदप्तरी 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेली असते. पूर्व विदर्भातील अशा जमिनी वनजमीनच आहेत, यावर सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी शिक्कामोर्तब केले. त्यामुळे तेथे धावपट्टी काढण्यापूर्वी वन विभागाचा विचार आलाच. उरते ती कापणी झालेली धानाची बांधी. खासगी मालकाची संमती घ्यायची, बांध मोडून जमीन सपाट करायची आणि पावसाळ्यापूर्वी बांध पुन्हा घालून द्यायचे. हा खर्च गावालाच करावा लागतो आणि तोही कोणतीच परवानगी हाती येण्याच्या आधी.

मालकाचा हिशेब

जोडीमालकाचा हिशेब बक्षिसाच्या रकमेपासून सुरू होतो. तो बैलापासून सुरू व्हावयास हवा. या भागाचा स्वतःचा कठाणी गोवंश लहान चणीचा, धानाच्या चिखलात राबणारा. पटासाठी वर्धा-नागपूरकडील चपळ गवळाऊ अंगाचे बैल पसंत केले जातात. चांगल्या जोडीत घरातील मोठी रक्कम अडकलेली असते. ती एका धावेत पाय मोडून बसली, तर परवानगीच्या पटात निदान मैदानावर पशुवैद्यक असतो, चित्रीकरण असते, लेखी जबाबदार असलेला आयोजक असतो. विनापरवानगीच्या पटात यांपैकी काहीच नसते. अपघात झाला की गर्दी पांगते, समिती नावापुरती उरते आणि गुन्हा नोंदविला गेल्यास आयोजकाबरोबर मालक व धुरकरी यांनाही चौकशीला सामोरे जावे लागते. प्रेक्षक जखमी झाला तर प्रकरण आणखी वाढते.

वाहतुकीचा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात उशिरा येतो. राज्यात मार्च २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवर बंदी आहे आणि कत्तलीसाठी त्याची वाहतूक हाही गुन्हा आहे. गडचिरोलीला छत्तीसगड व तेलंगणाची सीमा, चंद्रपूरला तेलंगणाची. अशा जिल्ह्यांत रात्री बैल घेऊन निघालेले वाहन तपासणीसाठी अडविले जाणे स्वाभाविक आहे. पटाच्या परवानगीची प्रत, आपल्या जोडीचे पशुवैद्यकीय प्रमाणपत्र आणि बैलाच्या कानात बारा अंकी बिल्ला असेल तर खुलासा तेथल्या तेथे होतो. विनापरवानगीच्या पटाहून परतणाऱ्याने मात्र सांगायचे तरी काय?

तरीही लहान पटाची बाजू दुर्लक्षिण्यासारखी नाही. हमीची रक्कम, रुग्णवाहिका, चित्रीकरण, जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे हा भार मोठ्या, पुढाऱ्यांचा आश्रय असलेल्या इनामी पटाला जड जात नाही. तीस-चाळीस जोड्यांच्या गावपटाला तो पेलत नाही. कोरची किंवा कुरखेड्याच्या आतल्या गावातून गडचिरोली गाठणे म्हणजे एक दिवस गेला. परिणामी परवानगीचे पट मोठे होत जातात, तेथे लांबच्या जिल्ह्यांतून नामांकित जोड्या येतात आणि घरच्या गोठ्यातील जोडी पहिल्याच फेरीत बाद होते. मग तिचा मालक जवळच्या, ओळखीच्या, विनापरवानगीच्या पटाकडे जातो. त्याला केवळ कायदा मोडणारा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. काही गावांनी मिळून एकाच मैदानावर, एकाच अर्जावर पट भरविला तर खर्च वाटला जाईल. परंतु प्रत्येक गावाला आपला पट आपल्याच शिवारात हवा असतो.

अन्य हौशी खेळांत मान्यतेला आणखी एक अर्थ असतो. घोडेस्वारीच्या त्रिविध स्पर्धेचेच पाहा. शिस्तबद्ध चाल, रानवाटेवरील दौड आणि अडथळ्यांवरील उड्या अशा तीन कसोट्यांच्या या खेळात मान्यताप्राप्त स्पर्धेसाठी स्वार व घोडा दोघांची महासंघाकडे नोंदणी लागते, पात्रतेच्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि घोडा पशुवैद्यकाच्या तपासणीतून उतरल्याशिवाय पुढे जात नाही. फवाद मिर्झा याच पायऱ्यांनी २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचला आणि तेविसावा आला. अमान्य, हौशी स्पर्धा तेथेही असतात. नवशिक्याला त्या स्वस्त आणि सोयीच्या पडतात, मात्र तेथील कामगिरी पुढे मोजली जात नाही. शंकरपटात परवानगी मिळते ती त्या मैदानापुरती आणि त्या दिवसापुरती. जोडीची क्रमवारी, मोसमाचे वेळापत्रक, लहान पटातून मोठ्यात जाण्याची पायरी यांपैकी काहीही तिच्यातून निर्माण होत नाही. कायद्याने पशुवैद्यकाची तपासणी घोडेस्वारीसारखीच आणली, पण खेळाची शिडी आणली नाही. तशी ती असती, तर परवानगीच्या पटाकडे जाण्यास दंडाच्या भीतीपलीकडचेही कारण मिळाले असते.

रात्रीचे नाटक

पटाचा विचार नाटकाला वगळून होत नाही. देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे झाडीपट्टीतील नाट्यमंडळांचे केंद्र. गावातील मंडळ तेथे जाऊन प्रयोग ठरविते, तिकिटे लावते आणि दिवसभर पट पाहिलेली पंचक्रोशी रात्री मंडपात बसते. याच रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बंदीच्या साडेसात वर्षांत पट थांबले, तरी नाटके थांबली नाहीत. त्यामुळे परवानगी वेळेत आली नाही तर पट रद्द करून केवळ नाटक करणे, हा मार्ग आयोजकांना खुला असतो. अडचण अशी, की प्रयोगाची तारीख आधीच बांधलेली असते, पाहुण्यांना निरोप गेलेले असतात आणि 'परवानगी येईलच' या भरवशावर जोड्या बोलाविल्या जातात.

जोडीमालकाने म्हणूनच पत्रकावरील 'शासकीय नियमांनुसार' या ओळीवर विसंबू नये. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची प्रत मागावी आणि त्यातील गाव, मैदान व तारीख तपासावी. पट रंगला म्हणून 'उद्याही एक दिवस' अशी घोषणा ध्वनिक्षेपकावरून होते, तेव्हा त्या वाढीव दिवसाचा आदेशात उल्लेख नसतो. पैजेचे व्यवहार परवानगीच्या मैदानावरही जुगारच ठरतात. जनावरांत साथ असल्यास हाती आलेली परवानगीही उपयोगाची राहत नाही : सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगामुळे राज्यभर जनावरांचे बाजार, वाहतूक व शर्यती थांबविण्यात आल्या होत्या. त्यामुळे निघण्यापूर्वी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारणा करून, तेथेच जोडीची तपासणी करून घेणे सोयीचे. प्रमाणपत्र तर मिळतेच, शिवाय लंगडणारा बैल असेल तर तो मैदानावर नव्हे, घरीच लक्षात येतो.