पत्त्यावरचा पोप आणि वाडग्यातली चिठ्ठी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

टॅरो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येतं. मंद दिवा, टेबलावर मखमली कापड, त्यावर पालथे मांडलेले रंगीत पत्ते आणि समोर गंभीर चेहऱ्याने बसलेली एखादी बाई. गेल्या काही दशकांत ही मंडळी आपल्याकडे मॉलमध्ये, हॉटेलांत आणि वर्तमानपत्रात राशिभविष्याच्या शेजारीही दिसू लागली. आपल्यातल्या पुष्कळांना त्यात अडचण वाटत नाही. कुंडली आहे, रामशलाका आहे, कोकणात देवाला कौल लावणं आहे, त्यात हे आणखी एक. ख्रिस्ती माणसाची गोष्ट मात्र वेगळी आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहणाऱ्यांना आणि दैवप्रश्न करणाऱ्यांना स्पष्ट मनाई आहे. तरीही युरोप-अमेरिकेत रविवारी चर्चला जाणारी आणि सोमवारी पत्ते मांडणारी माणसं आहेत. तुम्हाला हे दोन्ही एकत्र कसं जमतं, असं त्यांना विचारलं जातं, आणि रात्री दिवा मालवल्यावर ती स्वतःलाही विचारत असतील. या प्रश्नाच्या मागे बराच मोठा इतिहास आहे. तो मला धर्मशास्त्राइतकाच बोलका वाटतो.

पहिली गोष्ट अशी, की हे पत्ते भविष्य सांगण्यासाठी जन्मलेच नाहीत. युरोपात पत्ते आले ते चौदाव्या शतकात, मामलुक सुलतानांच्या इजिप्तकडून. फ्लोरेन्स शहराने १३७७ मध्ये त्यांच्यावर निर्बंध घातल्याची नोंद आहे, म्हणजे तोवर ते तिथे पोचले होते. पुढे १४४० च्या सुमारास उत्तर इटलीतल्या दरबारांत कुणीतरी पेले, नाणी, तलवारी आणि दांडे या चार रंगांच्या ५६ पत्त्यांत आणखी २२ चित्रं घातली. त्यातले २१ हुकूम आणि एक विदूषक. असा ७८ पत्त्यांचा कॅट झाला. उतारी करायची, हुकूम मारायचा, हात करायचे. आपण उन्हाळ्याच्या सुट्टीत जे करतो तेच.

मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी सोन्याच्या वर्खावर रंगवलेल्या अशा एका कॅटचे ७४ पत्ते आजही शिल्लक आहेत. काही न्यूयॉर्कच्या संग्रहालयात, बाकीचे बेर्गामो गावी. त्यांवर कोण आहे? पोप आहे, सम्राट आहे. न्याय, संयम, धैर्य हे सद्‌गुण आहेत. मृत्यू आहे आणि तुतारी ऐकून थडग्यातून उठणारे मृतही आहेत. त्या काळच्या चर्चच्या भिंतींवर जे दिसे, तेच हातात मावेल एवढं केलेलं. आपल्याकडे सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी गंजिफांच्या गोल पत्त्यांवर विष्णूचे दशावतार रंगवले आणि लोक त्यांनी खेळले. त्यावरून कुणी रान उठवल्याचं ऐकिवात नाही.

इटलीत मात्र रान उठलं. टॅरोचाही जन्म व्हायचा होता तेव्हा, १४२३ मध्ये, सिएनाच्या बर्नार्दिनो या संन्याशाने बोलोन्या शहरात जुगाराविरुद्ध प्रवचनं दिली आणि लोकांनी फासे व पत्ते आणून होळीत टाकले. पत्ते रंगवणारा एक कारागीर त्याच्याकडे आला आणि माझ्या पोटावर पाय आला असं म्हणाला, अशी कथा त्याच्या चरित्रात सांगतात. बर्नार्दिनोने त्याला येशूच्या नावाची आद्याक्षरं सूर्यकिरणांच्या वलयात काढून दाखवली आणि हे रंगवून विक, असं सांगितलं. त्या चित्रांचा खप पत्त्यांहून चांगला झाला म्हणे. याच शतकाच्या उत्तरार्धातलं आणखी एका संन्याशाचं प्रवचन हस्तलिखितात टिकून आहे. त्यात त्याने टॅरोचे हुकूम एकेक करून मोजले आहेत आणि ही नरकात उतरणारी २१ पायऱ्यांची शिडी आहे असं बजावलं आहे. त्याचा राग कशावर होता? पोप, देवदूत आणि प्रत्यक्ष देव यांना जुगाऱ्यांच्या पंगतीत आणून बसवलं, यावर. या पत्त्यांवरून कुणी भविष्य सांगतं, अशी तक्रार त्या प्रवचनात कुठेच नाही.

१७२५ मध्ये बोलोन्यातच एक गमतीदार प्रकरण झालं. तिथल्या एका धर्माधिकाऱ्याने भूगोल शिकवणारे टॅरो पत्ते छापले आणि त्यात बोलोन्याची राज्यव्यवस्था ‘मिश्र’ आहे असं लिहिलं. शहर तेव्हा पोपच्या ताब्यात होतं, त्यामुळे हे झोंबलं. लेखकाला अटक झाली, पत्ते जाळले गेले. शेवटी तडजोड निघाली, की पोप, पोपीण, सम्राट आणि सम्राज्ञी हे चार पत्ते काढून तिथे चार मूर सरदार घालावेत. बोलोन्याच्या टॅरोत ते मूर आजही आहेत. एवढं होऊनही खेळ चालूच राहिला, हे लक्षात घ्या. खुद्द पोपच्या राज्यात.

मग या पत्त्यांना गूढ अर्थ चिकटला केव्हा? १७८१ मध्ये. आंत्वान कूर द झेब्लँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने आपल्या अवाढव्य ग्रंथाच्या आठव्या खंडात लिहिलं, की टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांनी चित्रांत लपवून ठेवलेलं ज्ञान आहे. पुरावा काहीच नव्हता. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणाला वाचताच येत नव्हती; शाम्पोलियोंने ती १८२२ मध्ये उलगडली. पण कल्पना इतकी देखणी होती की तिला पुरावा लागलाच नाही. त्याच खंडातल्या दुसऱ्या एका लेखात या पत्त्यांवरून भविष्य कसं पाहावं तेही आलं. चार वर्षांनी पॅरिसच्या अलिएत याने आपलं आडनाव उलटं करून ‘एत्तेला’ या नावाने टॅरो-भविष्याचं पुस्तक काढलं, आणि पाठोपाठ खास भविष्यासाठीचा कॅटही.

गंमत पुढे आहे. हा कूर द झेब्लँ कोण? छळ सोसलेल्या फ्रेंच प्रोटेस्टंटांचा पुढारी असलेल्या पाळकाचा मुलगा, आणि स्वतःही दीक्षा घेतलेला पाळक. एकोणिसाव्या शतकात टॅरोची सांगड हिब्रू अक्षरांशी घालून त्याला जादूविद्येच्या मध्यभागी नेऊन बसवणारा एलिफास लेव्ही कोण? पॅरिसच्या सेमिनरीत शिकलेला आल्फोन्स लुई कॉन्स्तां. १८३५ मध्ये डीकन झालेला आणि धर्मगुरूपदाच्या उंबऱ्यावरून परत फिरलेला. म्हणजे टॅरोला ‘गूढ’ बनवण्याचं काम परधर्मीयांनी केलं नाही, ते चर्चच्या घरातूनच झालं. पत्ते सैतानाने पाठवले म्हणणारे आणि ते इजिप्तच्या ऋषींचे म्हणणारे, हे दोघेही इतिहासाच्या परीक्षेत नापास होतात.

इथे एक प्रश्न उरतोच. त्याआधीच्या अठराशे वर्षांत ख्रिस्ती माणसाला उद्या काय होईल, याची चिंता नव्हती काय? होती, आणि तो विचारतही होता. फक्त पत्त्यांना विचारत नव्हता. यहूदा इस्कर्योतच्या जागी नवा प्रेषित निवडताना शिष्यांनी प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली, हे बायबलमध्येच आहे. पुढे लोक शुभवर्तमानाचं पान डोळे मिटून उघडू लागले आणि समोर येईल त्या ओळीत उत्तर शोधू लागले. संत ऑगस्टीनला हे पसंत नव्हतं. भुताखेतांकडे जाण्यापेक्षा हे बरं, पण देवाची वाणी संसाराच्या कटकटींसाठी वापरणं मला रुचत नाही, अशा आशयाचं त्याने एका पत्रात लिहून ठेवलं आहे. पण ऑगस्टीन स्वतः ख्रिस्ताकडे वळला कसा? ३८६ साली मिलानच्या एका बागेत, लहान मुलाचा ‘उचल आणि वाच’ असा आवाज कानी पडल्यावर, पौलाची पत्रं उघडून जी ओळ प्रथम दिसली ती वाचून! फ्रान्समधल्या आग्दच्या धर्मसभेने ५०६ मध्ये आणि ऑर्लेआँच्या धर्मसभेने ५११ मध्ये अशा पोथीप्रश्नांना मनाई केली. त्या मनाईत धर्मगुरूंचाही उल्लेख आहे, यावरून काय ते समजावं.

हजार वर्षांनंतरही हे थांबलं नव्हतं. मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली १७३७ मध्ये अमेरिकेत, सव्हाना गावी होता आणि सोफी हॉपकी नावाच्या तरुणीत त्याचा जीव गुंतला होता. लग्न करावं की नाही? ४ मार्चला त्याने आणि त्याच्या मित्राने तीन चिठ्ठ्या केल्या. एक लग्न कर, दुसरी या वर्षी विचार नको, तिसरी पुन्हा विचारच नको. तिसरी निघाली. आठवड्याभरात सोफीने दुसऱ्याशी लग्न केलं. पुढे वेस्लीने तिला प्रभुभोजन नाकारलं, त्यावरून खटला उभा राहिला आणि डिसेंबरात त्याला गाव सोडावं लागलं. चिठ्ठीने त्याचा प्रश्न सोडवला, असं म्हणवत नाही.

चिठ्ठ्यांचं हे वळण वेस्लीने ज्यांच्या सहवासात पाहिलं ते मोरेव्हियन बंधू म्हणजे या इतिहासातला सर्वांत विलक्षण अध्याय. जर्मनीत हेर्नहूट येथे काउंट झिन्झेंडॉर्फच्या जमिनीवर वसलेलं हे निर्वासितांचं मंडळ. (याच चर्चचे मिशनरी १८८५ मध्ये लडाखला लेह गावी आले.) या मंडळात महत्त्वाचे निर्णय चिठ्ठीवर होत. कुणाला कुठल्या देशी पाठवायचं, कुणाची नेमणूक करायची आणि कुणाचं लग्न कुणाशी. होय, नाही आणि एक कोरी चिठ्ठी. कोरी म्हणजे अजून थांबा. ‘नाही’ निघालं की ते स्थळ संपलं. मुलगा-मुलगी राजी असली तरी. कल्पना करा, दोघं एकाच चर्चमध्ये दर रविवारी समोरासमोर बसणार आहेत, आणि देवानेच नाही म्हटलंय अशी दोघांची प्रामाणिक समजूत आहे. काहींना ते सोसलं नाही. त्यांनी लग्न केलं आणि मंडळ सोडलं. अमेरिकेतल्या शाखांनी कुरकुर सुरू केली. १८१८ च्या महासभेने सामान्य सभासदांची लग्नं चिठ्ठीतून सोडवली आणि १८८९ मध्ये चिठ्ठीची पद्धत पूर्णच बंद झाली.

पण हेर्नहूटची दुसरी एक चिठ्ठी उरली. १७२८ पासून तिथे रोजच्यासाठी बायबलमधलं एक वचन देण्याची प्रथा सुरू झाली. १७३१ पासून वर्षभराची वचनं पुस्तकरूपाने छापली जातात. आजही हेर्नहूटला जुन्या करारातली सुमारे अठराशे वचनं वाडग्यात ठेवून वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी एकेक चिठ्ठी उचलतात, आणि ते पुस्तक जगभर पन्नासहून अधिक भाषांत जातं. टॅरोचा रोज सकाळी एक पत्ता काढणाऱ्यांची सवय हिच्यापासून किती लांब आहे? कट्टर प्रोटेस्टंट म्हणेल, फार लांब. चिठ्ठीवर देवाचं वचन आहे, पत्त्यावर माणसाचं चित्र. युक्तिवाद ठीक आहे, पण ‘होय’ आणि ‘नाही’च्या चिठ्ठ्यांवर कुठलं वचन होतं? मला तर मोरेव्हियनांनी दीडशे वर्षं हात पोळून घेऊन जे केलं तेच अर्थपूर्ण वाटतं. त्यांनी उत्तर मागणारी चिठ्ठी सोडली आणि वाचायला देणारी ठेवली.

डीट्रिख बॉनहोफर हा जर्मन धर्मवेत्ता ही वचनं रोज वाचणारा. हिटलरच्या जर्मनीतून तो जून १९३९ मध्ये न्यूयॉर्कला सुरक्षित पोचला होता. तिथे त्याला चैन पडेना. परतायचं त्याचं जवळजवळ ठरलं होतं, तेवढ्यात २६ जूनच्या बायबलवाचनात पौलाने तीमथ्याला केलेली विनंती आली, की हिवाळ्याच्या आधी निघून ये. ती ओळ दिवसभर त्याचा पिच्छा सोडीना. हे मलाच सांगितलंय असं मी मानलं तर तो शास्त्राचा गैरवापर नव्हे, अशी नोंद त्याने डायरीत केली. जुलैमध्ये तो परतला. ९ एप्रिल १९४५ ला फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिली. ही ओळ त्याने ‘काढली’ नव्हती, ती समोर आली होती; पण ऐकायची त्याची तयारी आधीच झालेली होती.

पत्त्यांच्या बाबतीतही असाच फरक करू पाहणारा माणूस झाला. व्हॅलेन्टिन टॉम्बर्ग, १९०० मध्ये सेंट पीटर्सबर्गला जन्मलेला, पुढे कॅथलिक झालेला. टॅरोच्या २२ चित्रांवर त्याने अज्ञात मित्राला फ्रेंचमध्ये २२ पत्रं लिहिली, आपल्या मृत्यूनंतर आणि निनावी छापावीत असं सांगून. पत्ते मांडून भविष्य पाहणं त्याने बाजूला ठेवलं. चर्चमधल्या मूर्तीपुढे बसावं तसं एकेका चित्रापुढे बसून चिंतन केलं. या पुस्तकाच्या जर्मन आवृत्तीला प्रस्तावना लिहिली ती हान्स उर्स फॉन बाल्थासार याने. हा विसाव्या शतकातल्या थोर कॅथलिक धर्मपंडितांपैकी एक. १९८८ मध्ये पोपने त्याला कार्डिनल म्हणून निवडलं होतं. याउलट १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २११६ व्या परिच्छेदात भविष्य पाहण्याच्या सगळ्याच पद्धती नाकारल्या आहेत आणि त्या यादीत चिठ्ठ्यांचा कौलही आहे. दोन्ही गोष्टी एकाच चर्चमधल्या.

अर्थात टॉम्बर्गची वाट सगळ्यांना झेपत नाही. डोरीन व्हर्च्यू या अमेरिकन लेखिकेने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून देवदूतांच्या चित्रांचे ‘ऑरॅकल’ पत्ते काढले. आपल्याकडच्या दुकानांतही ते आले. २०१७ मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला, आपलेच पत्ते जाहीरपणे नाकारले आणि वाचकांनीही ते टाकून द्यावेत असं सांगितलं. तिचा निर्णय कुणाला टोकाचा वाटेल. पण ज्याला पत्ता काढल्याशिवाय घराबाहेर पडवत नाही, त्याने तो टाकलेलाच बरा, असं माझंही मत आहे.

आणि आज जगात टॅरो म्हणून जे पत्ते सर्वांत जास्त ओळखले जातात, ते कुणी काढले? पामेला कोलमन स्मिथ या लंडनच्या चित्रकर्तीने, ए. ई. वेट यांच्या सांगण्यावरून, १९०९ मध्ये. काम फार मोठं आणि पैसे फार थोडे, असं तिने एका पत्रात कळवलं होतं. पेल्यांच्या एक्क्यावर तिने प्रभुभोजनाची भाकरी चोचीत धरून उतरणारं कबुतर काढलं. दोन वर्षांनी, १९११ मध्ये, ती कॅथलिक झाली. पुढे वारशाने पैसा मिळाला तेव्हा तिने कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर घर घेतलं, तिथे प्रार्थनामंदिर केलं आणि धर्मगुरूंना सुट्टीत राहण्यासाठी जागा चालवली. १९५१ मध्ये बूड या गावी ती वारली. कर्ज फेडण्यासाठी तिच्या सामानाचा लिलाव झाला. तिची ७८ चित्रं मात्र अजून छापली जात आहेत.