दुसरा प्रोसेसर करत काय होता?

आजचा भाग खरं सांगायचं तर जळजळीतून आलाय. माझ्या रूममेटनं गेल्या महिन्यात सेकंडहँड वर्कस्टेशन घेतलं. आत दोन झिऑन प्रोसेसर. टास्क मॅनेजर उघडला की कोअरचे चौकोन स्क्रीनभर! आणि माझा लॅपटॉप? बिल्ड लावला की १० मिनिटं नुसता पंखा घरघरतो. मीही तसंच मशीन घ्यायचं ठरवलं, ईएमआयचा हिशोबही केला. पैसे भरण्याआधी म्हटलं, आधी ज्यांनी अशी मशीन्स घेतली त्यांना काय मिळालं ते तरी बघू.

१९९९ मध्ये अबिट या तैवानच्या कंपनीनं बीपी६ नावाचा मदरबोर्ड आणला. त्यावर इंटेलचे दोन सेलेरॉन बसायचे. सेलेरॉन हा स्वस्तातला प्रोसेसर, तो असा जोडीनं वापरावा हे इंटेलच्या मनातही नव्हतं. तोवर दोन प्रोसेसर म्हणजे सर्व्हर, नाहीतर महागडं वर्कस्टेशन. आता ते घरच्या टेबलावर आले. हौशी मंडळी खूश! पण गोम अशी की विंडोज ९८ ला दुसरा प्रोसेसर वापरताच येत नव्हता. त्यासाठी विंडोज एनटी किंवा लिनक्स लागायचं. नाहीतर दुसरा सेलेरॉन आपला बसून.

पुढच्याच वर्षी, जुलै २००० मध्ये, अ‍ॅपलनं दोन प्रोसेसरचा पॉवर मॅक जी४ आणला. तिथंही तीच कथा. मॅक ओएस ९ मध्ये फोटोशॉपसारखी मोजकी सॉफ्टवेअरच दुसऱ्या प्रोसेसरला काम द्यायची. मार्च २००१ मध्ये मॅक ओएस टेन आलं, तेव्हा कुठे ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः दोघांत काम वाटायला लागली.

बरं, वाटणी करता आली म्हणजे वेग दुप्पट होतो का? याचं उत्तर जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच दिलं होतं. कामाचा जो भाग एकापाठोपाठ एकच करावा लागतो, तो तुमच्या वेगाची मर्यादा ठरवतो. चुलीवर दोन तवे चढवले, पण भाकरी थापणारी आई एकटीच असेल, तर दुसरा तवा नुसता तापत राहणार!

मग दोन प्रोसेसर म्हणजे फक्त मिरवायची गोष्ट? तसंही नाही. २००३ मध्ये पॉवर मॅक जी५ आला, त्याच्या वरच्या मॉडेलमध्ये २ गिगाहर्ट्झचे दोन प्रोसेसर. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठानं अशी ११०० मशीन्स जोडून सिस्टीम एक्स हा सुपरकॉम्प्युटर उभा केला. त्या नोव्हेंबरच्या टॉप ५०० यादीत तो थेट तिसरा आला, वेग १०.२८ टेराफ्लॉप्स! कारण त्याला दिलेलं गणित तुकड्यांत वाटता येणारं होतं. पण एक उणीव राहिली होती. मेमरीतल्या चुका आपोआप दुरुस्त करायची सोय त्या मशीन्समध्ये नव्हती. म्हणून २००४ मध्ये ती सगळी काढून त्या जागी ही सोय असलेले एक्ससर्व्ह जी५ बसवले.

हे सगळं वाचून मी माझा बिल्ड मोजायला बसलो. १० मिनिटांपैकी ६ मिनिटांचं काम वाटता येण्यासारखं होतं. उरलेली ४ मिनिटं लिंकिंग आणि एकामागून एक चालणाऱ्या टेस्ट्स. म्हणजे वेग दुप्पट केला तरी ३ अधिक ४, एकूण ७ मिनिटं. आणि हजार कोअर लावले तरी ती ४ मिनिटं कुठं जात नाहीत!

रूममेट थ्रीडी अ‍ॅनिमेशन करतो. त्याची प्रत्येक फ्रेम वेगळी, त्यामुळे त्याचे सगळे कोअर राबतात. त्याचा सौदा बरोबर होता. माझा चुकला असता.

शेवटी मी मशीन घेतलं नाही. दोन शनिवार बसून टेस्ट्स एकमेकींपासून सुट्या केल्या, आता त्या एकाच वेळी चालतात. ईएमआय वाचला. जळजळ? ती थोडी आहे अजून, खोटं कशाला बोलू!

तुमच्या फोनच्या जाहिरातीत 'आठ कोअर' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं ना? पुढच्या वेळी एवढंच विचारा, माझं काम आठ जणांत वाटता येतं का? भेटू पुढच्या भागात.