खेदिव्ह इस्माइल (जहाज)

खेदिव्ह इस्माइल : दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सैन्यवाहू आगबोट. स्थूल टनभार सु. ७,५००. मूळची प्रवासी बोट. १२ फेब्रुवारी १९४४ रोजी मालदीव द्वीपसमूहाजवळ जपानी पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली.

पूर्ववृत्त : फिलाडेल्फियाच्या क्रँप गोदीत १९२२ मध्ये चिलीतील कंपनीसाठी ‘आकोंकाग्वा’ या नावाने बांधलेली ही बोट व्हालपारायसो-न्यूयॉर्क मार्गावर असे. जागतिक मंदीत तो मार्ग सुटला आणि १९३५ मध्ये इजिप्तच्या खेदिव्हियल मेल कंपनीने ती घेऊन तिला नवे नाव दिले. तिची जोडबोट ‘मोहम्मद अली एल-केबीर’ १९४० मध्ये अटलांटिक महासागरात बुडाली.

युद्धकार्य : १९४० मध्ये सैन्यवाहतुकीसाठी ब्रिटिश सरकारने ती ताब्यात घेतली. एप्रिल १९४१ मध्ये ग्रीसमधून फौजा काढून नेताना नाफ्प्लिओन बंदरातून तिला एकही सैनिक न चढविता परतावे लागले. त्याच काफिल्यातील ‘स्लामात’ ही डच बोट, आणि तिच्यावरील माणसे उचलून घेणाऱ्या ‘डायमंड’ व ‘रायनेक’ या दोन्ही विनाशिका, दुसऱ्या दिवशी विमानहल्ल्यांत नष्ट झाल्या.

अखेर : फेब्रुवारी १९४४ च्या प्रारंभी मोंबासाहून कोलंबोकडे निघालेल्या पाच सैन्यवाहू बोटींच्या काफिल्यात ती होती, संरक्षणास ‘हॉकिन्स’ ही क्रूझर आणि ‘पेटर्ड’ व ‘पॅलडिन’ या विनाशिका होत्या. बोटीवर १,५११ माणसे असून त्यांत पूर्व आफ्रिकी तोफखान्याची ३०१ वी पलटण, नौदलाचे लोक, परिचारिका व स्त्री-सैनिक यांचा समावेश होता. दुपारी अडीचच्या सुमारास, अनेकजण आतील दालनात करमणुकीचा कार्यक्रम पाहत असता, ‘आय-२७’ या पाणबुडीचे दोन पाणतीर लागले आणि दोनएक मिनिटांत बोट तळाला गेली.

यानंतरचा प्रसंग नौदलाच्या इतिहासात बराच चर्चिला गेला आहे. पाणबुडी तरंगणाऱ्या माणसांच्या खालीच दडलेली, ‘पॅलडिन’च्या होड्या त्या माणसांना उचलीत असलेल्या, आणि उरलेल्या चार सैन्यवाहू बोटी तिच्या टप्प्यातून अद्याप पुरत्या निसटलेल्या नाहीत, अशा अवस्थेत ‘पेटर्ड’ने तेथेच जलबाँब टाकले, त्यांनी पाण्यातील काही माणसेही मारली गेली. या निर्णयाविषयी मतभेद आहेत. काफिल्याच्या रक्षणाचे कर्तव्य निर्विवाद असले, तरी पोहून वाचू पाहणाऱ्यांचे मरण त्या कर्तव्याच्या हिशेबात गडप होऊ देणे न्यायाचे नव्हे.

पाणबुडी वर आल्यावर ‘पॅलडिन’ तिला धडक देण्यास धावली. परंतु पाणबुडीच्या आडव्या पंखाने तिचीच बाजू चिरली. तोफांचे गोळेही निष्फळ ठरले; अखेर ‘पेटर्ड’च्या सातव्या पाणतीराने पाणबुडी फुटली. जर्मन, इटालियन व जपानी अशा तिन्ही नौदलांच्या पाणबुड्या बुडविण्यात भाग घेतलेली विनाशिका म्हणून ‘पेटर्ड’चा लौकिक झाला.

प्राणहानी : मृत १,२९७, त्यांपैकी ७७ स्त्रिया. वाचलेले २०८ पुरुष व ६ स्त्रिया.

स्मारक : मृतांत आफ्रिकी तोफखान्यातील सैनिकांची संख्या मोठी होती, त्यांची स्मृती नैरोबी येथील पूर्व आफ्रिका स्मारकावर जतन केलेली आहे. ‘पेटर्ड’च्या विजयाची कथा सांगताना हे सैनिक पार्श्वभूमीला राहतात, वास्तविक या नोंदीत पहिला मान त्यांचा आहे.