निदानाचा अधिकार

यंत्र कोणी घडविले याची नोंद इतिहासात सहसा सापडते. परंतु ते बिघडल्यानंतर बिघाडाचे कारण सांगण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि कालांतराने तो कोणाकडे गेला, याचे दप्तर कोणी राखून ठेवीत नाही. मोटारसायकलीच्या इंधनपुरवठ्यापुरते बोलायचे, तर हे दप्तर आपल्या देशात सत्तरएक वर्षांचे आहे, आणि त्यातील बहुतेक काळ ते गल्लीतल्या मेस्त्रीच्या स्मरणातच वसत होते.

१९५५ साली मद्रासेस एन्फिल्डची बुलेट तयार होऊ लागली, १९६० नंतर म्हैसूरहून जावा आली, पुढे राजदूत आली. आणि या गाड्या तालुक्याच्या बाजारपेठांतून व साखर कारखान्यांच्या परिसरातून फिरू लागल्या, तेव्हा त्यांच्यामागोमाग पत्र्याच्या शेडखाली बसणारा एक नवा कारागीरवर्ग उदयास आला. त्याच्यापाशी कंपनीची सनद नव्हती की शाळेचा दाखला नव्हता. उस्तादाच्या हाताखाली पोऱ्या म्हणून पाने पुसता पुसता जे डोळ्यांनी टिपले आणि कानांनी ऐकले, तेवढ्यावर त्याची वहिवाट चाले.

या विद्येचे मर्मस्थान म्हणजे कार्बोरेटर. त्याचा सिद्धांत सुबोध आहे: अरुंद वाटेने हवा वेगाने जाऊ लागली की तेथील दाब उतरतो आणि खालच्या कुपीतले पेट्रोल जेटमधून वर ओढले जाते. मूठ पिळली की तार स्लाइड उचलते, स्लाइडला जोडलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते, आणि हवेबरोबर पेट्रोलही वाढते. या रचनेमुळेच मुठीची स्थिती ही दोषाची दिशा दाखवीत असे. मूठ पाव भागापर्यंत असताना गाडी मिसिंग मारत असेल तर पायलट जेट पाहावा, मधल्या टप्प्यात अडखळत असेल तर सुई कोणत्या खाचेत बसविली आहे ते पाहावे, आणि पूर्ण रेस देऊनही गाडी ओढत नसेल तर मेन जेट काढून उजेडाकडे धरावा, असा त्याचा क्रम होता. चोक थोडा ओढताच इंजिन सुधारले, तर पेट्रोल कमी पडत आहे. प्लगच्या टोकावर काजळी साचली, तर ते जास्त होत आहे. टोक पांढरे पडले, तर हवेचे प्रमाण अधिक आहे. यंत्राची जबानी मेस्त्री अशा रीतीने प्रत्यक्ष, कोणत्याही मध्यस्थाशिवाय घेत असे, आणि निवाडाही जागच्या जागी देत असे.

या अंमलाला धक्का बसला तो धुराविषयीच्या कायद्याने. दुचाकींच्या धुरावर १९९१ मध्ये मर्यादा आली, २००० साली देशभर सीसविरहित पेट्रोल सुरू झाले, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये वाहने व इंधन यांच्या सुधारणेचा टप्प्याटप्प्याचा आराखडा सरकारला सादर केला. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरकयंत्र एकाच वेळी सर्व घातक वायूंवर काम करते ते, एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण जवळजवळ अचूक राखले तरच. आणि थंडी, घाट, झिजलेली सुई व साचलेला गाळ यांना तोंड देत हे प्रमाण क्षणोक्षणी सांभाळणे कार्बोरेटरच्या शक्तीबाहेरचे होते.

परदेशांत या प्रश्नाचे उत्तर आधीच सिद्ध झाले होते. कावासाकीने १९८० मध्ये आणि बीएमडब्ल्यूने १९८३ मध्ये आपल्या मोठ्या मोटारसायकलींवर इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण, म्हणजे आजच्या बोलीतले ‘एफआय’, बसविले होते. आपल्याकडे २००६ मध्ये हीरो होंडाने ते ग्लॅमरवर आणले व २००७ मध्ये बजाजने पल्सर २२० वर. परंतु २००९ मध्ये तीच पल्सर पुन्हा कार्बोरेटर लावून, कमी किमतीत, सर्वांत वेगवान भारतीय गाडी अशा जाहिरातीसह बाजारात उतरली, यावरून जुन्या व्यवस्थेची मुळे किती खोल होती हे ध्यानात यावे. अखेरचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाचा: भारत स्टेज ६ या धूरमर्यादेत न बसणारे नवे वाहन ३१ मार्च २०२० नंतर विकू नये. त्या तारखेनंतर नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला.

नव्या राज्यात मेस्त्री आणि यंत्र यांच्या मधोमध संगणकरूपी पेशकार येऊन बसला. हवेचा दाब, इंजिनाची उष्णता, मुठीची स्थिती आणि धुरातील प्राणवायू यांचे अर्ज त्याच्याकडे जातात, आणि इंजेक्टर किती सहस्रांश सेकंद उघडा ठेवायचा याची आज्ञा त्याच्याकडून सुटते. तो दोष झाकतोही: किरकोळ उणीव तो आपल्या अधिकारात भरून काढतो, त्यामुळे पूर्वी ज्या बिघाडाची चाहूल आठवडाभर आधी कानाला लागे, तो आता एकदम दिव्याच्या रूपाने प्रकट होतो. होंडाच्या गाड्यांवर या दिव्याची लांब लुकलुक म्हणजे दहा व आखूड म्हणजे एक; आठ आखूड लुकलुकी झाल्या की थ्रॉटलच्या सेन्सरविषयी फिर्याद दाखल झाली असे समजावे.

मात्र फिर्याद म्हणजे निवाडा नव्हे. आठाचा आकडा इतकेच सांगतो की त्या तारेवरून येणारा संदेश ग्राह्य मर्यादेबाहेर आहे. सेन्सर झिजला, तार तुटली की पावसाळ्यात कनेक्टरला हिरवा गंज चढला, हे तो सांगत नाही. जाणता कारागीर तेथे मीटर लावतो आणि मूठ अगदी सावकाश पिळतो. पुष्कळ गाड्यांत मूठ मिटलेली असताना सुमारे अर्धा व्होल्ट दिसतो व पूर्ण पिळल्यावर तो चारांच्या वर जातो. ही चढण एकसंध असली पाहिजे. मध्येच एखाद्या ठिकाणी आकडा खाली कोसळला, तर रस्त्यावर गाडी नेमकी तेथेच झटका देते. सेन्सर निर्दोष ठरला तर थ्रॉटल बॉडीतील पात्यामागची काजळी पाहावी, कारण तिच्यामुळे हवेची वाट अडून गाडी सिग्नलला उभी असताना बंद पडते. आणि या सर्वांच्या आधी चावी फिरवून कान द्यावा: टाकीतला पंप क्षणभर गुणगुणला नाही, तर पुढचे मोजमाप करण्यापूर्वी बॅटरी, फ्यूज आणि पंप यांकडेच वळावे. निदानाचा क्रम बदलला, परंतु क्रमाने जाण्याची शिस्त तीच राहिली.

बदलले ते चुकीचे मोल. पुण्याच्या नाना पेठेत कार्बोरेटरचा किट थोडक्या पैशांत मिळे, त्यामुळे अंदाज चुकला तरी गिऱ्हाईक बुडत नसे. आता अनेक गाड्यांत हा सेन्सर सुटा मिळतच नाही, संपूर्ण थ्रॉटल बॉडी घ्यावी लागते. ज्याच्यापाशी कंपनीचा स्कॅनर आणि तारांचा नकाशा नाही, त्याच्या अंदाजाचा भुर्दंड अशा रीतीने गाडीमालकावर पडतो. हा प्रश्न सरकारदरबारी अपरिचित नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने स्वतंत्र दुरुस्तीदारांना सुटे भाग व निदानाची साधने नाकारल्याबद्दल चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. पुढे २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समितीही नेमली. पण आयोगाचा निवाडा चारचाकींविषयी होता, आणि समितीची शिफारस म्हणजे कायदा नव्हे.

धूर आवरण्यासाठी कायद्याने हस्तक्षेप केला तो रास्तच होता, आणि शहरांच्या हवेसाठी तो आवश्यकही होता. परंतु त्याच हस्तक्षेपाने निदानाचा अधिकार गल्लीतून उचलून कंपनीच्या दालनात नेऊन ठेवला. सबब आकड्यांचे अर्थ आणि तारांचे नकाशे प्रत्येक कारागिराला रास्त किमतीत मिळतील अशी तरतूद करणे, हे त्याच कायद्याचे राहिलेले काम होय.