मुंबई बेटाची बारा दृश्ये

मुंबई बेटाची बारा दृश्ये (मूळ नाव : ट्वेल्व्ह व्ह्यूज ऑफ द आयलंड ऑफ बॉम्बे अँड इट्स व्हिसिनिटी) हा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (१७४७–१७९५) याच्या निसर्गचित्रांचा छापील संच होय. यातील दृश्ये १७९१-९२ च्या सुमारास रेखाटली गेली. संच मात्र चित्रकाराच्या मृत्यूनंतर, १८०० मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. धातूच्या पत्र्यावर आम्लाच्या साहाय्याने रेषा कोरून ही चित्रे छापली व रंगविली गेली.

पार्श्वभूमी

वेल्स १७९१ मध्ये मुंबईस आला. पुढे पुण्यात इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने त्याने सवाई माधवराव व नाना फडणवीस यांची व्यक्तिचित्रे काढली. मुंबईची दृश्ये त्याने माझगावची टेकडी, मलबार टेकडी, शीवचा किल्ला अशा उंचवट्यांवरून टिपली.

चित्रणपद्धती

त्या काळी इंग्लंडमध्ये विल्यम गिल्पिन याने मांडलेली ‘चित्रोपम’ निसर्गाची कल्पना रूढ होती. पुढे गर्द झाडी, मध्ये पाणी अथवा मोकळी जमीन, मागे धूसर डोंगर आणि प्रमाणापुरती इवलीशी माणसे, अशी तिची मांडणी असे. या साच्यात ग्रामजीवन नेहमीच शांत व संपन्न भासते.

चित्र आणि वास्तव

दृश्ये रेखाटली जात असतानाच, १७९१-९२ मध्ये, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. मृतांच्या अस्थी जागोजागी पडून राहिल्यामुळे तो ‘कवटीचा दुष्काळ’ म्हणून ओळखला जातो. मुंबई बेटावरील हिरवी सपाट जमीनही सर्वस्वी निसर्गदत्त नव्हती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीची खिंड बांध घालून बुजविल्यानंतर बरीच खाजणे लागवडीखाली येऊ शकली. बांध घालणाऱ्यांचे व भातशेती कसणाऱ्यांचे कष्ट अशा चित्रांत फारसे दिसत नाहीत.

महत्त्व

माझगावच्या उत्तरेकडील लालबाग-परळ हा भागही तेव्हा शेते आणि ताडा-माडांच्या बागांचा होता. १८५६ मध्ये ताडदेव येथे मुंबईतील पहिली कापडगिरणी सुरू झाली. त्यानंतरच्या दशकांत लालबाग-परळमध्ये गिरण्या व चाळी उभ्या राहून गिरणगाव घडले. परळचे गव्हर्नरांचे निवासस्थान १८९९ मध्ये प्लेगवरील प्रयोगशाळेला मिळाले; आज तेथे हाफकिन संस्था आहे. छायाचित्रणपूर्व मुंबईची भूरचना समजण्यासाठी हा संच मोलाचा आहे. तथापि लोकजीवनाचा पुरावा म्हणून तो वापरताना समकालीन महसुली कागदपत्रांशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.